वाडा कोणाचा?

स्मरणिकेसाठी जुन्या पुण्याविषयी काही लिहावे, असे मंडळातील भगिनींनी सुचविले तेव्हा मी वाड्यांचा विषय घेतला. त्याला कारणही आहे. 'मध्यवस्तीतील जुना वाडा, संपूर्ण दुरुस्त केलेला, चार-पाच कुटुंबांच्या सोयीचा, विकणे आहे' अशी एखादी जाहिरात हल्ली अधूनमधून वाचावयास मिळते. ती वाचून कोणी किमतीचा आकडा मोजतात, तर कोणाला माहेर आठवते. माझे माहेर शुक्रवार पेठेतील अशाच एका वाड्यात होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या अभ्यासकांसारखे लिहिणे मला साधणार नाही. परंतु जे पाहिले, वाचले व जाणत्यांना विचारून घेतले, ते आपणांपुढे ठेवते.

वाडा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत व तिच्यात भला मोठा दरवाजा. त्या दरवाज्यालाच एक लहान दिंडी, तिच्यातून वाकून आत जावयाचे. आत देवडी, मग उघडा चौक. चौकाच्या चारही बाजूंना सोपे, त्यांच्या मागे खोल्या, वर माडी. मोठ्या माणसाच्या वाड्याला असे दोन-तीन चौक असत. पुढचा चौक बैठकीचा व कारभाराचा, मागचा बायकांचा व स्वयंपाकाचा. चौकात तुळशीवृंदावन, कोपऱ्यात आड किंवा हौद. जोते घडीव दगडाचे, सांगाडा सागवानी खांबांचा व तुळयांचा, भिंती विटांच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या. सगळा भार खांब व तुळया पेलीत. म्हणून जागेचे मापही खांबांवरूनच चाले. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. 'आमची दोन खणांची जागा' असे माझी आई नेहमी म्हणत असे.

पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती कसब्याची. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला व १७३२ साली त्याची वास्तुशांत केली. तेव्हापासून पुणे हे कारभाराचे शहर झाले. सरदार आले, त्यांच्यामागे कारकून, सावकार, भिक्षुक व कारागीर आले आणि पेठा वसत गेल्या. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ, नाना फडणविसांच्या नावाची नाना पेठ, रास्त्यांची रास्ता पेठ. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळ काढून शहरात पाणी आणले व ते जागोजागच्या हौदांत सोडले. सदाशिव पेठ हौद, काळा हौद ही नावे आजही पत्ता सांगताना आपल्या तोंडी येतात. घरातले पाणी भरणे हे कोणाचे काम होते, हे भगिनींना सांगावयास नको. पाणी घराजवळ आले, हा बायकांवर केवढा उपकार झाला असेल!

त्या काळी वाडा एकाचा असे, पण राहणारी माणसे पुष्कळ. भाऊ, चुलते, विधवा आत्या, आश्रित, नोकरचाकर असा सारा परिवार एका छपराखाली नांदे. कोठीच्या किल्ल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असत. मात्र सनद, इनामपत्र व वाटणीचा कागद पुरुषाच्या नावाचा. वाड्याचा इतिहास वाचताना ही एक गोष्ट मी मनाशी धरून ठेवली, कारण पुढच्या अडीचशे वर्षांत वाड्याचे छप्पर बदलले, मालक बदलले, पण हा कागद फार उशिरा बदलला.

पेशवाईच्या उतरत्या काळात आपल्या हडपसरचे नाव इतिहासात आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकर यांची फौज एका बाजूस आणि दुसरे बाजीराव पेशवे व दौलतराव शिंदे यांच्या फौजा दुसऱ्या बाजूस, अशी मोठी लढाई झाली. होळकर जिंकले. बाजीराव पुणे सोडून गेले व त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला. मराठ्यांच्या राज्यात इंग्रजांचा पाय त्या तहाने घट्ट रोवला गेला. आपण ज्या भागातून रोज भाजी आणावयास जातो, तेथे शहराचे नशीब फिरले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

इंग्रजांच्या मदतीने बाजीराव परत आले व त्यांनी १८०७ च्या सुमारास विश्रामबागवाडा बांधला. त्याच्या दर्शनी भागातील लाकडी कोरीव काम आजही पाहण्यासारखे आहे. परंतु पुढे दहा वर्षांतच, नोव्हेंबर १८१७ मध्ये, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले व १८१८ साली पेशवाई संपली. १८२८ साली शनिवारवाडा आगीत जळाला. पुष्कळ सरदारांचे उत्पन्न घटले. वाडे तेवढेच मोठे राहिले, पण त्यांची डागडुजी करावयास पैसा कोठून आणावयाचा?

येथून वाड्यांची दुसरी कथा सुरू होते. ज्या वाड्याला नवे काम मिळाले तो टिकला, ज्याला मिळाले नाही तो पडत गेला. विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगीत त्या वाड्याचा भाग जळाला, तो पुन्हा उभा करण्यात आला. पुढे १९३० ते १९५९ पर्यंत शहराच्या नगरपालिकेचा व नंतर महानगरपालिकेचा कारभार तेथूनच चाले. नाना फडणविसांचा नानावाडाही असाच सार्वजनिक उपयोगात राहिला. हे दोन्ही वाडे महापालिकेने पुढे दुरुस्त करविले. म्हणून आज आपल्याला ते पाहता तरी येतात.

लोकमान्य टिळकांचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे बिऱ्हाड पुष्कळ वर्षे सदाशिव पेठेत विंचूरकरांच्या वाड्यात होते. १९०५ साली त्यांनी नारायण पेठेतील गायकवाडवाडा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून घेतला व तेथे केसरीचा छापखाना आणला. तोच पुढे केसरीवाडा झाला. म्हणजे जुना वाडा विकणे व विकत घेणे ही काही आजची टूम नाही. विकत घेणारा त्यात काय करणार, यावर सारे अवलंबून असते.

स्त्रियांच्या दृष्टीने दोन वाडे सर्वांत महत्त्वाचे. पहिला बुधवार पेठेतील भिडेवाडा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा तेथे सुरू केली. भिडे यांनी आपली जागा दिली म्हणून ती शाळा उभी राहिली. दुसरे घर न्यायमूर्ती रानड्यांचे. न्यायमूर्ती १९०१ साली गेल्यावर रमाबाईंनी स्वतःला कोंडून घेतले नाही. १९०९ साली पुणे सेवासदनाचे काम त्यांनी आपल्या राहत्या वाड्यातच सुरू केले. ज्या घरात त्यांनी इंग्रजी शिकण्याबद्दल वडीलधाऱ्या बायकांची बोलणी सोसली, त्याच घराण्यातील या सुनेने पुढे शेकडो बायकांना शिकण्यासाठी आपले दार उघडून दिले.

भिडेवाड्याची पुढची हकीकत मात्र मनाला चटका लावणारी आहे. तेथे खाली दुकाने होती, इमारत मोडकळीस आली होती, मालकी व भाडेकरूंचे हक्क यांचा वाद न्यायालयात होता. महापालिकेने २००६ साली तेथे स्मारक करण्याचे ठरविले, परंतु निकाल लागावयास २०२३ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ती पडकी इमारत उतरविण्यात आली व जागा स्मारकासाठी मोकळी झाली. स्मारक व्हावे हे योग्यच. परंतु ज्या भिंतींच्या आत त्या मुलींनी पहिली अक्षरे गिरविली, त्या भिंती काही परत येणार नाहीत. वेळीच दुरुस्ती झाली असती तर ही वेळ आली नसती.

आता साध्या वाड्यांकडे, म्हणजे आपल्या माहेरच्या वाड्यांकडे वळू. १८५८ साली पुण्यास आगगाडी आली. शाळा-कॉलेजे निघाली, कचेऱ्या व छापखाने वाढले. कोकणातून, घाटावरून माणसे नोकरीसाठी व मुलांच्या शिक्षणासाठी येऊ लागली. मालकांना उत्पन्न हवे होते, येणाऱ्यांना जागा हवी होती. तेव्हा एकेका सोप्याला फळ्या ठोकून, पडव्या अडवून, माड्यांचे तुकडे करून बिऱ्हाडे घातली गेली. जो वाडा एका कुटुंबासाठी बांधला होता, त्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा चुली पेटू लागल्या.

आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती. वडील छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करीत. दोन खण जागा, भाडे महिना अठरा रुपये. नळ एक, संडास दोन. सकाळी बादल्यांची रांग लागे, आणि त्या रांगेत जेवढी भांडणे होत तेवढीच दुपारच्या निवडण्या-टिपण्यात मिटत. वाळवणे सगळ्यांची एकाच गच्चीवर. एकीचे पापड राखावयास दुसरीची मुले. कोणी बाळंतीण असली की डिंकाचे लाडू चार घरांतून जात. कोणाच्या घरी मयत झाले की त्या घरची चूल तीन दिवस पेटू द्यावयाची नाही, हा शिरस्ता. हे सारे गोड होते असे मी म्हणत नाही. आजारी माणसाला एकांत नव्हता, नव्या सुनेला तर नव्हताच. पावसाळ्यात माडीवरचे पत्रे गळत व रात्री उठून भांडी मांडावी लागत. परंतु वाडा झाडून, सारवून, गळते पत्रे डांबरून राहता ठेवला तो बिऱ्हाडकरू बायकांनी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग वाडे पडले का? याचे मोठे कारण भाड्याच्या कायद्यात आहे, आणि त्यात एका बाजूचा दोष नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली व भाडी वाढू लागली. गरिबाला रस्त्यावर यावे लागू नये म्हणून मुंबई राज्याने १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा केला. सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच योग्य भाडे धरावयाचे, असे ठरले. कायदा थोड्या काळासाठी म्हणून आला, पण त्याची मुदत वाढतच गेली. लाकूड महागले, गवंड्याची मजुरी वाढली, भाडे मात्र तेथल्या तेथे. अकरा बिऱ्हाडांचे वर्षाचे भाडे एकत्र केले तरी एक तुळई बदलता येत नसे. मालक म्हणे, मी कशाला दुरुस्ती करू? भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी कशाला करू? दोघांचेही म्हणणे त्यांच्या परीने खरे, आणि दोघांच्या मध्ये वाडा गळत राहिला. अशी गोठलेली भाडी वाजवी राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली सांगितले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला व त्याने मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. परंतु अठरा रुपयांचे चार टक्के म्हणजे बारा आणेसुद्धा होत नाहीत!

त्यापूर्वीच एक मोठा घाव बसून गेला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. मुठेचे पाणी कसबा, शनिवार, नारायण या नदीकाठच्या पेठांत शिरले. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या व वाडेच्या वाडे खाली बसले. धरण गेल्यामुळे शहराचा नळही बंद पडला, तेव्हा वाड्यांतील बुजत आलेले आड पुन्हा उपसले गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पेठ सोडून माणूस दूर राहू शकतो, हे पुणेकरांस त्या पुराने शिकविले. त्यानंतर १९६३ साली मालकीच्या फ्लॅटविषयीचा कायदा झाला. एका जमिनीवर पुष्कळांची मालकी असू शकते, ही कल्पना रुळली. वाड्याच्या जागी चार मजली इमारत बांधावी, भाडेकरूंना त्यात जागा द्यावी, उरलेली विकावी, हा व्यवहार तेव्हापासून वाढत गेला.

आमच्या वाड्यावर ही पाळी २००९ साली आली. वडील १९९६ साली वारले होते. भाडेपावती त्यांच्याच नावे चालू होती. काही वर्षांनी मालकांकडून भाडे घेणेच बंद झाले. तेव्हा शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी आईला सांगितले, 'वहिनी, भाडे घेत नाहीत म्हणून स्वस्थ बसू नका. दरमहा मनीऑर्डर करा.' आई दरमहा मनीऑर्डर करी, ती परत येई, आणि परत आलेला कागद आई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. जुन्या पावत्या, विजेची बिले, शिधापत्रिका हेही त्याच डब्यात. आम्ही मुली तिला हसत असू.

वाडा बांधकामवाल्याने घेतला व भाडेकरूंची यादी निघाली. त्या यादीत आईचे नाव नव्हते. 'मूळ भाडेकरू मयत' एवढाच शेरा. आईने तो डबा वकिलांपुढे उपडा केला. भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणारे कुटुंबातील माणूस भाडेकरू ठरते, असे कायदा सांगतो. वकिलांनी कागद लावून दिले, आईचे नाव यादीत आले आणि २०१३ साली तिला नव्या इमारतीत लहानसा का होईना, स्वतःच्या नावाचा ब्लॉक मिळाला. त्याच वाड्यातील एक विधवा बाई तिच्यापेक्षा जुनी राहणारी. तिच्याजवळ एकही कागद नव्हता. तिच्या दिराने सही केली, रक्कम घेतली, आणि ती बाई भाचीकडे राहावयास गेली. दोघींनी सारखीच वर्षे त्या चौकात पाणी भरले होते. फरक पडला तो डब्याचा.

सगळेच वाडे पडतात असे नाही. काही वाडे कोणी हौशी माणूस घेतो, बिऱ्हाडांशी देवघेव करून जागा मोकळी करतो, कुजलेले खांब बदलतो, नवी न्हाणीघरे करतो व पुन्हा विकावयास काढतो. जाहिरातीतला 'दुरुस्त केलेला वाडा' तो हा. वाडा मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र दुरुस्ती कशी केली हे पाहावे लागते. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला तर वरून चकचकीत दिसते, पण आतली ओल बाहेर पडत नाही व खांब बुडाशी कुजतो. अशा भिंतीला चुनाच हवा, हे जुने गवंडी सांगत व आजचे जाणकारही सांगतात. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर त्यात फेरबदल करण्यास परवानगी घ्यावी लागते. आत भाडेकरू असतील तर वाडा विकला म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, एवढेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विकणाऱ्यांत सगळ्या वारसांची संमती आहे काय, हे तपासावे लागते. या वारसांतच आपण येतो.

भगिनींनो, हा कायद्याचा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला पूर्ण मालकी दिली व बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाबरोबरीने वारस झाली. परंतु त्याच कायद्यात राहत्या घराविषयी एक कलम होते, तेविसावे. राहत्या घराची वाटणी मुलीने मागू नये. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला तिचा हिस्सा मिळेल, असे ते कलम. म्हणजे शेतात हिस्सा मागता येईल, पण ज्या घरात जन्मलो त्या घरात नाही. जुन्या वाड्यांच्या बाबतीत पुष्कळ मुलींचा हक्क असा पन्नास वर्षे दाराबाहेर उभा राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशासाठी कायदा सुधारला, मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली व ते तेविसावे कलमही गेले. बाप त्या दिवशी हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मतःच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री मात्र मोडत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांस लागू आहे. इतर धर्मांच्या भगिनींचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी त्याप्रमाणे चौकशी करावी.

हे सारे पेठेपुरतेच आहे असे समजू नये. आपल्या हडपसरच्या शिवारात एके काळी भाजीपाल्याचे मळे होते. आज तेथे मगरपट्टा सिटीसारखी वसाहत उभी आहे. तेथील शेतकऱ्यांनी जमीन एकेकट्याने विकण्याऐवजी एकत्र येऊन सुमारे चारशे एकरांवर ती उभारली व तीत स्वतः भागीदार राहिले. एकत्र राहण्याचा फायदा यातून दिसतो. परंतु जेथे जेथे जमिनीला वा जुन्या घराला भाव येतो, तेथे तेथे बहिणीला एक दिवस बोलावणे येते. साडी-चोळी होते, जेवण होते आणि मग निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही होते. भावावरच्या प्रेमाने, समजून-उमजून हक्क सोडणारी बहीण थोर आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु काय सोडीत आहोत हे न वाचता केलेली सही हे प्रेम नव्हे. भावालाही पुढे तिची बोच राहते.

म्हणून मला एवढेच सुचवावयाचे आहे की, माहेरचे वा सासरचे जुने घर असेल तर त्याचा कागद एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. गावात सातबारा, शहरात मालमत्तापत्रक. ते मागितल्यास मिळते. घरपट्टीच्या बिलावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असे मात्र नव्हे. भाड्याने राहत असाल तर पावती मागून घ्यावी. पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. भाडे घेतले नाही तर ते पाठविल्याचा पुरावा ठेवावा. घर नव्याने घेत असाल तर त्यावर आपले नाव घालण्याचा आग्रह धरावा. एकट्या स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२१ पासून दिली आहे. आणि कोणताही कागद सहीला पुढे आला तर 'आज नको, वाचून उद्या करते' एवढे म्हणण्याचे धैर्य अंगी आणावे. वाचता येत नसेल तर आपल्या मंडळात आणावा. आपल्यात शिकलेल्या मुली-सुना आहेत, त्या वाचून दाखवतील.

शनिवारवाडा पेशव्यांचा, विश्रामबाग बाजीरावांचा, गायकवाडवाडा टिळकांचा, असे आपण म्हणतो व ते बरोबरच आहे. परंतु ज्या शेकडो साध्या वाड्यांनी पुणे वसविले, ते ज्यांनी रोज झाडले, सारविले, त्यांत मुले वाढविली, त्यांची नावे कोठल्याच पाटीवर नाहीत. मागच्या पाट्या आता आपण बदलू शकत नाही. पुढच्या कागदावर आपल्या मुलींची नावे असावीत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. या वर्षी मंडळातर्फे एक दिवस मुक्रर करून प्रत्येकीने आपापल्या घराचा एक कागद घेऊन यावे व सर्वजणींनी मिळून तो वाचावा, अशी माझी सूचना आहे. अध्यक्षबाईंनी तिचा विचार करावा, ही विनंती.